एकाच वेळी दोन पडदे: ही सवय देशागणिक का बदलते?

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजमधल्या ॲडम ब्रॅसल आणि जेम्स गिप्स या दोन संशोधकांनी २०११ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला खोलीत बसवायचं, समोर टीव्ही आणि इंटरनेट असलेला कॉम्प्युटर ठेवायचा, आणि साडेसत्तावीस मिनिटं त्याला हवं ते बघू द्यायचं. कॅमेरे त्याची नजर टिपत होते. मोजदाद झाली तेव्हा सरासरी १२० वेळा नजर या पडद्यावरून त्या पडद्यावर गेल्याचं दिसलं, म्हणजे मिनिटाला चारहून जास्त वेळा. मग लोकांना विचारलं, तुमची नजर किती वेळा फिरली असेल? त्यांनी सांगितलेले आकडे याच्या आसपासही नव्हते, कितीतरी कमी होते.

हा प्रयोग सुरुवातीलाच सांगते, कारण ही सवय ज्याची त्याला नीट ठाऊक नसते. आणि देशादेशांची तुलना करणारी बहुतेक सर्वेक्षणं तर लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवरच उभी असतात. ‘अमुक देशातले लोक टीव्ही बघताना फोन जास्त वापरतात’ असं कुठे वाचलं की मन लगेच त्या देशाच्या स्वभावात कारण शोधायला लागतं. मला वाटतं, स्वभावाकडे वळण्याआधी विचारण्यासारखं बरंच आहे. त्या लोकांचे डोळे दिवसात कधी मोकळे असतात? कान कधी? हात कधी? आणि हे सगळं मोजलं कोणी, कसं?

या सवयीला मीडिया मल्टिटास्किंग म्हणतात. आधी ते म्हणजे काय ते बघू. एकाच वेळेत दोन किंवा जास्त माध्यमं वापरणं: रेडिओ ऐकत मेल लिहिणं, मालिका बघत चॅट करणं, गाणी लावून अभ्यास करणं. आपण एखाद्याला कौतुकानं अष्टावधानी म्हणतो खरं, पण अवधान असं आठ ठिकाणी एकदम राहत नाही. शब्द नसलेलं संगीत आणि हातवळणी पडलेलं काम यांची जोडी जमते, कारण ती एकमेकांच्या आड येत नाहीत. बातम्या ऐकता ऐकता निरोप टाइप करायला गेलं की गाडी अडते. दोन्हीकडे भाषाच लागते, म्हणून मन इकडून तिकडे उड्या मारतं आणि प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो, थोडं काहीतरी निसटतं. ही मर्यादा साऱ्या माणसांना सारखीच आहे. कोणत्या देशात कोणती जोडी माणसाच्या वाट्याला येते, ते मात्र फार वेगळं असतं.

आता स्वभावाचं स्पष्टीकरण. ते टाकाऊ अजिबात नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी वेळ वापरण्याच्या दोन रीती सांगितल्या. काही समाजांत वेळ सरळ रेषेत मांडलेला असतो: एक काम संपवा, मग दुसरं हातात घ्या, ठरल्या वेळी या, ठरल्या वेळी उठा. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि उत्तर युरोपातले इतर देश त्यांनी या बाजूला ठेवले. दुसरीकडे लॅटिन अमेरिका, भूमध्य समुद्राभोवतीचे देश, अरब जग. तिथे चार कामं एकत्र चालतात, बोलणं मध्येच तुटतं आणि पुन्हा जुळतं, आणि घड्याळापेक्षा समोरच्या माणसाला मान असतो. मग तर्क असा चालतो की दुसऱ्या प्रकारच्या समाजात माध्यमंही सरमिसळ करून वापरली जात असणार.

याच्या जोडीला आणखी एक संशोधन नेहमी येतं. ताकाहिको मासुदा आणि रिचर्ड निस्बेट यांनी २००१ साली जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना पाण्याखालची हलती चित्रं दाखवली आणि काय दिसलं ते सांगायला लावलं. अमेरिकी विद्यार्थी पुढ्यातल्या मोठ्या माशाबद्दल आधी बोलत. जपानी विद्यार्थी पाण्याचा रंग, वनस्पती, मागची दृश्यं यांचा उल्लेख बराच जास्त करत. म्हणजे लक्ष कुठे पसरावं याचीही शिकवण समाजाकडून मिळते. मला हा प्रयोग फार आवडतो. पण त्यावरून ‘म्हणून जपानी माणूस दोन पडदे एकदम बघतो’ असं म्हणणं ही फार लांब उडी झाली. एका चित्रातली पार्श्वभूमी टिपणं आणि दोन वेगळ्या माध्यमांत ये-जा करणं या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शिवाय आकडे या तर्काला साथ देत नाहीत. हिल्डे फोरवेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन आणि फ्रान्स अशा सहा देशांतल्या ५,९७३ लोकांचं सर्वेक्षण २०१४ साली प्रसिद्ध केलं. हॉलच्या मांडणीनुसार स्पेन वर असायला हवा होता. सगळ्यात वर निघाली अमेरिका, जिला हॉल ‘एका वेळी एक’ या बाजूलाच बसवतात. आणि लोकांमध्ये रुळलेल्या जोड्यांत दोन पुढे होत्या: टीव्ही आणि इंटरनेट, रेडिओ आणि इंटरनेट.

स्वभावाचं कारण मला अपुरं वाटतं, त्याचं आणखी भक्कम कारण एकाच देशात सापडतं. अमेरिकेतल्या कायझर फॅमिली फाउंडेशननं ८ ते १८ वर्षांच्या मुलांचा माध्यमवापर तीन वेळा मोजला. १९९९ मध्ये माध्यमांसोबतच्या वेळापैकी १६ टक्के वेळ दोन माध्यमं एकत्र चालत होती. २००४ मध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांवर गेलं, २००९ मध्ये २९ टक्क्यांवर. त्या शेवटच्या वर्षी मुलं दिवसाला ७ तास ३८ मिनिटं माध्यमांसोबत होती आणि तेवढ्यात १० तास ४५ मिनिटांचा मजकूर भरत होती. दहा वर्षांत कुठल्याही देशाची संस्कृती अशी जवळजवळ दुप्पट होत नाही. बदललं होतं ते मुलांच्या खोलीतलं सामान. २००९ पर्यंत ७१ टक्के मुलांच्या स्वतःच्या खोलीत टीव्ही होता आणि लॅपटॉप, मोबाइल, गाण्यांची खिशातली यंत्रं त्यांच्या हाती आली होती. जिथे घरात एकच टीव्ही असतो आणि तो सगळ्यांसमोर असतो, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाला तो चालू ठेवून दुसरं काही करणं इतकं सोपं नसतं. आवाज कोणाच्या तरी ताब्यात असतो, रिमोटही.

म्हणून मी डोळे आणि कान यांपासून सुरुवात करते.

युरोपात परदेशी मालिका दाखवायच्या तीन पद्धती आहेत आणि त्या देशागणिक ठरलेल्या आहेत. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटली इथे संवाद स्वतःच्या भाषेत डब करतात. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड इथे मूळ आवाज तसाच ठेवून खाली भाषांतराच्या ओळी देतात. लहान मुलांचे कार्यक्रम तेवढे अपवाद. पोलंडमध्ये तिसरीच तऱ्हा: मूळ आवाज मंद ऐकू येत राहतो आणि त्यावर एकच निवेदक सगळ्या पात्रांचे संवाद शांत सुरात वाचत जातो. आता विचार करा. डब केलेली मालिका नुसती ऐकूनही कळते, मान खाली घालून निरोप लिहिता येतो. खाली ओळी येत असतील तर नजर काढली की संवाद गेला. तीच मालिका, तोच भाग, पण एका देशात डोळे मोकळे आहेत आणि दुसऱ्या देशात बांधलेले. अमेरिकेत तर टीव्हीवरचं बहुतेक सगळं मूळचंच इंग्रजी, म्हणजे डोळ्यांना सुट्टी जवळपास कायमचीच. डबिंग करायचं की ओळी द्यायच्या, हा निर्णय देशाचा आकार, प्रेक्षकसंख्या आणि खर्च पाहून कित्येक दशकांपूर्वी झाला होता. तेव्हा दुसरा पडदा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. त्या जुन्या निर्णयाची सावली आजच्या सवयीवर पडत असणार, असं मला मनापासून वाटतं, आणि या विषयावरच्या चर्चेत तिचा उल्लेख फारच कमी होतो.

प्रवासाचंही तसंच. कोविडपूर्वी अमेरिकेतले सुमारे तीन चतुर्थांश नोकरदार एकटेच गाडी चालवत कामावर जात. डोळे रस्त्यावर, हात चाकावर, मोकळे फक्त कान. तिथे रेडिओ आणि पॉडकास्ट यांचं बस्तान घट्ट बसावं यात नवल नाही. टोकियोतला नोकरदार मात्र लोकलमध्ये उभा असतो. डोळे मोकळे, एक हात मोकळा, पण डब्यात फोनवर मोठ्यानं बोलणं तिथे असभ्य मानतात आणि फोन आवाज बंद करून ठेवा अशा सूचना होत राहतात. त्यामुळे वापर मूक झाला: वाचणं, निरोप लिहिणं, खेळ. जपानमध्ये मोबाइलवरची आय-मोड इंटरनेट सेवा १९९९ मध्येच सुरू झाली होती, तेव्हा हा मूक वापर स्मार्टफोनच्याही आधीचा. याउलट लंडनची भुयारी रेल्वे १८६३ पासून धावते आहे, पण तिच्या बोगद्यांत ४जी सिग्नल यायला सुरुवात झाली २०२० मध्ये, तीही एका मार्गाच्या एका भागात. तोवर तिथला प्रवासी बोगद्यात शिरला की निरोपांपासून आपोआप तुटायचा. यात इंग्रज माणसाच्या एकाग्रतेचा काही संबंध नाही, प्रश्न सिग्नलचा होता.

जपानी भाषेत ‘नागारा’ असा एक प्रत्यय आहे. आपण चालता चालता, बोलता बोलता म्हणतो, तसाच त्याचा अर्थ: अमुक करता करता. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथे ‘नागारा-झोकू’ असा शब्द रूढ झाला, म्हणजे ‘करता करता’वाल्यांची जमात: रेडिओ ऐकत अभ्यास करणारी तरुण पोरं. आज जे काळजीनं स्मार्टफोनबद्दल बोललं जातं, तेच तेव्हा रेडिओबद्दल बोललं जात होतं. हाच प्रत्यय आता कायद्याच्या चर्चेतही आला आहे. गाडी चालवता चालवता फोन वापरणाऱ्यांसाठीची शिक्षा जपानने डिसेंबर २०१९ पासून बरीच कडक केली, आणि २०२० मध्ये यामातो शहराने सार्वजनिक ठिकाणी चालता चालता स्मार्टफोन बघण्यावर बंदी घातली. दंड काही नाही, नुसता नियम. अमेरिकेतल्या होनोलुलूने २०१७ मध्ये फोन बघत रस्ता ओलांडण्यावर दंडच लावला. सवय एकच, पण कोणता समाज तिला असभ्यपणा समजतो, कोणता धोका समजतो आणि कोणता तिकडे लक्षच देत नाही, यावरून ती कुठे दिसेल आणि कुठे लपेल हे ठरतं.

जाहिराती हे आणखी एक कारण, आणि ते थेट नियमांशी जोडलेलं आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या वाहिन्यांवर आणि जपानमध्ये एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेवर व्यापारी जाहिराती नसतात. युरोपीय संघात वाहिन्यांवर तासाला १२ मिनिटांची मर्यादा होती. २०१८ च्या सुधारणेनंतर ती सकाळी ६ ते संध्याकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ते मध्यरात्र अशा दोन टप्प्यांत प्रत्येकी २० टक्के वेळ अशी झाली. अमेरिकेत अशी मर्यादा फक्त मुलांच्या कार्यक्रमांना आहे. मोठ्यांच्या कार्यक्रमांत किती जाहिराती दाखवाव्यात यावर केंद्राचं बंधन नाही. जाहिरात लागली की हात फोनकडे जातो. जिथे हे मध्यंतर वारंवार येतं, तिथे फोन हातात घेण्याची सवय वारंवार घोटली जाते, आणि मग मालिका पुन्हा सुरू झाली तरी फोन खाली ठेवला जात नाही.

निरोपांच्या दबावाबद्दल थोडं. जपानमध्ये लाइन हे ॲप २०११ च्या मोठ्या भूकंपानंतर काही महिन्यांतच आलं. त्यात निरोप वाचला की पाठवणाऱ्याला ‘वाचलं’ अशी खूण दिसते. दक्षिण कोरियातल्या काकाओटॉकमध्ये निरोपाशेजारी न वाचलेल्यांचा आकडा असतो आणि वाचला की तो नाहीसा होतो. वाचून उत्तर न देणं याला दोन्ही भाषांत स्वतंत्र शब्द तयार झाले आहेत, आणि ते कौतुकाचे नाहीत. ज्या समाजात उत्तराला उशीर म्हणजे नात्यात दुरावा समजला जातो, तिथे समोर काय चाललंय याला महत्त्व उरत नाही. खूण दिसली की लिहावंच लागतं. फ्रान्सने उलट दिशेनं पाऊल टाकलं. २०१७ पासून तिथे पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर ‘संपर्कातून बाहेर राहण्याच्या हक्का’वर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. रात्री टीव्हीसमोर ऑफिसचे मेल बघणं हेही मीडिया मल्टिटास्किंगच असतं, आणि ते किती होतं यात मनाच्या ओढीइतकाच वरिष्ठाच्या अपेक्षेचा वाटा असतो.

वयाची बाब पटकन सांगून टाकते. २००९ मध्ये मार्क कॅरियर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन पिढ्यांची तुलना केली. तरुण पिढी जास्त कामं एकत्र करत होती. गंमत म्हणजे कोणत्या जोड्या सोप्या आणि कोणत्या अवघड, याबद्दल तिन्ही पिढ्यांचं मत बरंच जुळत होतं. आता जपानचं मध्यवयोमान (अर्धे लोक ज्याहून लहान आणि अर्धे मोठे असतात ते वय) पन्नाशीच्या जवळ आहे आणि नायजेरियाचं अठराच्या आसपास. दोन देशांची सरळ सरासरी काढली तर आपण देशांची तुलना करतोय की आजोबांची आणि नातवांची, हे कळणार नाही.

आता मोजण्याकडे येते. माझ्या मते खरी गुंतागुंत इथे आहे.

या क्षेत्रात सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इयाल ओफिर, क्लिफर्ड नास आणि अँथनी वॅग्नर यांनी २००९ साली मांडली. त्यात बारा माध्यमं होती: छापील मजकूर, टीव्ही, संगीत, फोनवरचं बोलणं, एसएमएस, ईमेल वगैरे. प्रत्येक माध्यम वापरताना बाकीची किती वेळा सोबत असतात, हे विचारायचं. खूप मल्टिटास्किंग करणारे लोक अनावश्यक गोष्टींनी जास्त विचलित होतात, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष जगभर गाजला. २०१७ मध्ये विस्नू विराधानी आणि मार्क न्यूवेनस्टाइन यांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि इतर अभ्यासही एकत्र तपासले, तेव्हा तो परिणाम बराच दुबळा निघाला. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे ती बारा माध्यमांची यादी. ती २००९ च्या अमेरिकी विद्यापीठात शोभेल अशी आहे, जिथे प्रत्येक माध्यमाचं यंत्र किंवा खिडकी वेगळी. चीनमधल्या वीचॅटमध्ये गप्पा, पैसे देणं, बातम्या, व्हिडिओ सगळं एकाच ॲपमध्ये. ते वापरणाऱ्यानं काय मोजायचं? किती माध्यमं झाली, एक की पाच?

याहून बोलका दाखला आहे तो व्हिडिओवरून सरकत जाणाऱ्या प्रतिक्रियांचा. जपानमध्ये निकोनिको या व्हिडिओ संकेतस्थळाने २००६ च्या शेवटी ही पद्धत आणली, चीनमध्ये २००९ पासून बिलिबिली हे तसंच संकेतस्थळ तिच्यासाठी ओळखलं जातं. व्हिडिओ चालू असतानाच प्रेक्षकांनी लिहिलेल्या ओळी पडद्यावरून उजवीकडून डावीकडे धावतात, कधी इतक्या दाट की चित्र झाकलं जातं. प्रेक्षक बघतो, वाचतो, लिहितो, सगळं एकाच पडद्यावर. त्याला विचारलं की ‘व्हिडिओ बघताना दुसरं साधन वापरता का?’ तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल. सर्वेक्षणात तो एकाग्र प्रेक्षक म्हणून नोंदला जाईल.

उत्तर देण्याच्या लकबीही देशागणिक निराळ्या असतात. १९९५ मध्ये छुआनशेंग चेन, शिन-यिंग ली आणि हॅरल्ड स्टीव्हन्सन यांनी जपान, तैवान, कॅनडा आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची उत्तरं ताडून पाहिली. ‘अजिबात नाही’ ते ‘नेहमी’ अशा पट्टीवर जपान आणि तैवानचे विद्यार्थी मधलं घर जास्त निवडत, अमेरिकी विद्यार्थी टोकाची घरं. म्हणजे दोन मुलं अगदी सारखंच वागत असली, तरी एक ‘नेहमी’वर खूण करेल आणि दुसरा ‘कधीकधी’वर. त्यातून देशांमधला फरक तयार होईल, जो प्रत्यक्षात कुठेच नाही. आणि ज्याच्या आसपास सगळेच सतत फोन बघतात, त्याला आपला वापर बेताचाच वाटतो, कारण माणूस स्वतःला शेजाऱ्याशी ताडून बघतो, परदेशातल्या अनोळखी माणसाशी नाही.

यावर उपाय म्हणून वेळेच्या दैनंदिनीचं नाव घेतलं जातं: काल दिवसभर काय केलं ते तासागणिक लिहून काढायचं. ही पद्धत नक्कीच बरी. पण दैनंदिनीच देशागणिक वेगळी आहे. युरोपीय देशांच्या सामायिक पद्धतीत दर दहा मिनिटांना एक ओळ असते आणि तिच्यात दोन रकाने: मुख्य काम कोणतं आणि सोबत आणखी काय चालू होतं. अमेरिकेचं २००३ पासून चालणारं राष्ट्रीय सर्वेक्षण फोनवर आदल्या दिवसाबद्दल विचारतं आणि एका वेळचं एकच, मुख्य काम नोंदतं. मुलांकडे लक्ष ठेवण्यासारखा एखादाच अपवाद. दोन घरांत रात्री आठ वाजता टीव्ही चालू आहे आणि दोन्हीकडे कोणीतरी फोनवर निरोप लिहितंय. युरोपातल्या नोंदवहीत पहिल्या रकान्यात टीव्ही येईल, दुसऱ्यात निरोप. अमेरिकेतला सर्वेक्षक विचारेल, ‘यातलं मुख्य काम कोणतं?’ उत्तर येईल ‘टीव्ही’, आणि फोन त्या कागदावर कधी उतरणारच नाही.